बॉनेटखालची जमीन

१ ऑक्टोबर, शनिवार

“बॉनेट उघडल्यावर खालची जमीन दिसते, तीच गाडी घे.”

बाबांचं वाक्य. मी तेव्हा विशीत होते. टपालखात्याची पिवळी रेनो-चार अंगणात उभी, बाबा तिच्यात कमरेपर्यंत बुडालेले, माझा भाऊ झोहैर सुट्या चाकावर बसून पाय हलवतोय. मी सहज विचारलं होतं — मला कधी गाडी घ्यायची झाली तर कुठली घेऊ? त्यावर हे. म्हणजे इंजिनाच्या आजूबाजूला हात घालायला जागा हवी. वरून वाकून पाहिलं की फटींतून माती दिसायला हवी. जमीन दिसते तिथे हात पोचतो, आणि हात पोचतो ती गाडी आपली. नाहीतर ती मेकॅनिकची, आपण नुसतं तिच्यात बसायचं.

आज आठवलं, कारण बदलीचा कागद आला. वर डोंगरातल्या ऐन तोलबा गावचं आरोग्यकेंद्र. उन्हाळ्यापासून आठवड्यातून दोनदा जातच होते, तीस तारखेपासून तिथली बाळंतपणं कायमची माझ्याकडे. वर जाणारी व्हॅन सकाळी सुटते आणि दुपारी दोनला परत फिरते. त्यानंतर काही नाही. बाळांना हे कोण सांगणार! मुख्य डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या, तुझी स्वतःची गाडी असली तर हो म्हण. नसली तर बाळंतपणाची खोली बंद करू, बायकांना खाली आणत जाऊ. खाली आणतील कशातून, हे मी विचारलं नाही. त्यांनाही माहीत आहे.

म्हणजे महिना संपायच्या आत गाडी. जुनी, कमी पिणारी, आणि घाटात बंद पडली तर मला एकटीला उघडता येईल अशी. वर मेकॅनिक नाही.

कोणती, हे सांगू शकतील असे एकच. आणि त्यांनाच विचारता येत नाही.


३ ऑक्टोबर, सोमवार

जेवताना ‘गाडी’ म्हणाले. आई, आमची यम्मा, बाबांच्या सार्डिनमधले काटे काढत होती, तिचा हात थांबला. बाबा उठून गेले. मासा तसाच.


४ ऑक्टोबर, मंगळवार

आमच्या घरात तो शब्द नाही. सहा वर्षं झाली. झोहैरला आम्ही ‘तो गेला’ असं म्हणतो, ‘अपघात’ म्हणत नाही. आणि ‘ब्रेक’ तर नाहीच नाही.

त्याच्या गाडीचे ब्रेक बाबांनी केले होते. दोन दिवस आधी, खालच्या गॅरेजमध्ये. मी वरच्या खिडकीतून शिट्टी ऐकत होते — बाबा काम करताना दातांतून शिट्टी वाजवायचे, सूर नसलेली. मग झोहैर घाटाखालच्या खमीस गावाला उतरायला निघाला. पाऊस नुकता पडून गेलेला, तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक. पोलिस म्हणाले, रस्ता ओला होता, ट्रकवाला वळण कापून आला. लिहूनही दिलं. गाडीचं चाक उघडून कोणी पाहिलं नाही, तिचा पत्रा झाला होता, भंगारात गेली. त्यामुळे खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही. आणि हेच बाबांना खातंय असं मला वाटत आलंय.

झोहैरच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले त्या दिवशी त्यांनी गॅरेजला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. शिट्टी संपली. पेपर मांडीवर उघडून ठेवतात, पान उलटत नाहीत. मशिदीला जाताना भिंतीला हात लावत लावत जातात, जणू सगळ्या मिलियानाची माफी मागत चाललेत. आणि माझ्याकडे बघत नाहीत. बोलतात, पण नजर माझ्या कानापाशी कुठेतरी, मागच्या भिंतीवर. आधी मला राग यायचा. आता कळतं. झोहैरचे आणि माझे डोळे सारखे आहेत, सगळे म्हणायचे. त्यांना ते डोळे बघवत नसतील.

मीही मग खाली बघून बोलते. दोघांचं बरं चाललंय!


८ ऑक्टोबर, शनिवार

गाड्यांच्या बाजारात गेले. बूआलेमबरोबर — काकांचा मुलगा, दोन जुन्या गाड्या घे, एक विक, असं काहीबाही करतो. म्हणाला, “चल डॉक्टरीणबाई, पण तोंड उघडायचं नाही. तू तोंड उघडलंस की गाडी महाग होते.”

एवढं मोठं मैदान, आणि बायका आम्ही तिघी-चौघी. त्याही गाडीत बसून राहिलेल्या. विकणारे माझ्याशी बोलतच नव्हते. प्रश्न मी विचारायचा, उत्तर बूआलेमला. जणू मी त्याच्या पोटातून बोलतेय.

इथे कोणी किंमत सांगत नाही. विचारायचं ते एवढंच — किती दिलेत? म्हणजे आतापर्यंत लोकांनी कितीचा आकडा टाकलाय. मग तो म्हणणार, अमुक दिलेत. ते खरं की खोटं त्याचं त्याला माहीत. मग आपण त्यावर थोडं चढवायचं किंवा “अल्लाह सोपं करो” म्हणून पुढे जायचं. पण एकदा आकडा टाकला आणि समोरच्यानं “अल्लाह यर्बह”, म्हणजे अल्लाह नफा देवो, म्हटलं, की संपलं. गाडी तुमची. तिथे मागे हटणाऱ्याला बाजारात पुन्हा कोणी सलाम करत नाही.

बूआलेमनं मला एक चकचकीत जर्मन गाडी दाखवली. बॉनेट उघडलं. आत काळ्या प्लास्टिकची झाकणं, एकावर एक, शवपेटीसारखी. मी वाकून, मान तिरकी करून बघत राहिले.

विकणारा म्हणाला, “लल्ला, बाईसाहेब, काय शोधताय? मांजर शिरलंय का?”

“जमीन,” मी म्हटलं.

तो बूआलेमकडे बघायला लागला. बूआलेम म्हणाला, “आमच्याकडे असंच असतं. हिचे वडील टपालवाले.”

नंतर चार-पाच गाड्या पाहिल्या. एक प्यूजो २०५, डिझेल, पिते कमी. हिच्यात जमीन दिसली, थोडी. पण बूआलेम म्हणाला, टायमिंगचा पट्टा कधी बदललाय ते मालकालाही माहीत नाही, आणि तो तुटला तर इंजिन गेलं, घाटात बसून तू तो बदलणार आहेस का? मी म्हटलं, शिकेन. तो म्हणाला, कुणाकडून?




१० ऑक्टोबर, सोमवार

एक युक्ती केली. जेवताना बाबांना काही विचारलंच नाही. यम्माला सांगत बसले. तिला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, ती बिचारी हं हं करत होती. म्हटलं, यम्मा, एक गाडी आहे तिच्यात पट्टा आहे, तो बदलत राहावा लागतो. दुसऱ्या एका जातीत म्हणे पट्ट्याऐवजी साखळी असते, पण त्या गाड्या फार जुन्या. आता मी काय करू?

यम्मा म्हणाली, मला काय विचारतेस, मी पट्ट्यातली की साखळीतली!

बाबा ब्रेडचा तुकडा मोडत होते. भिंतीकडे बघत म्हणाले, “साखळी.”

यम्मानं माझ्या गुडघ्याला टेबलाखालून हात लावला. 


११ ऑक्टोबर, मंगळवार

साखळी!


१३ ऑक्टोबर, गुरुवार

सापडली. आणि कुठे — मशिदीच्या वाटेवर, तुतीच्या झाडाखाली! सी लखदर, म्हणजे लखदरसाहेब, यांची रेनो-चार. शाळेत घंटा वाजवायचे ते, आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत. मलईच्या रंगाची, एका दारावर तुतीचे डाग. दर दिवशी तिच्यावरून जात होते आणि ती विकायची आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, विकावी म्हणतोय, नाही विकली तरी इथे बसून तिच्याशी गप्पा मारतोच.

बॉनेट मीच उघडलं. उन्हाची तिरीप इंजिनाच्या कडेनं खाली उतरली होती आणि खाली तुतीची वाळलेली पानं दिसत होती, माती दिसत होती, एक मुंग्यांची रांगसुद्धा. मला उगीचच रडू आलं. सी लखदर म्हणाले, “एवढी वाईट नाहीये गं ती.”

साखळीच आहे हिला. पेट्रोलवर चालते, पण थोडक्यात भागवते. खाली पत्रा गंजला असेल, बघायला हवा. मला नुसता टोचून बघता येतो, काय चांगलं काय वाईट ते नाही कळत.

किती दिलेत, विचारलं. ते म्हणाले, कोणी काही दिलेलं नाही, पहिला आकडा तूच टाक, शुभ असतो. मी म्हटलं, पन्नास. पन्नास मिलियन, जुन्या सांतीममधले, म्हणजे पाच लाख दिनार — सगळं गाव अजून तसंच मोजतं. माझ्याकडे तेवढेच आहेत. ते म्हणाले, मुलाशी बोलतो, सोमवारी ये.

रात्रीच्या जेवणात पुन्हा यम्माला सांगितलं सगळं. तुतीची पानं, मुंग्या, सगळं. बाबा ऐकत होते. मला खात्री आहे ऐकत होते. सूप थंड झालं त्यांचं.


१५ ऑक्टोबर, शनिवार

बाबा तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजाहून फार उशिरा आले. पँटच्या गुडघ्यांना माती, पाठीला वाळलेलं पान चिकटलेलं, हाताला काळं. यम्मा म्हणाली, नमाज पढलात की कुस्ती खेळलात? ते म्हणाले, पाय घसरला. मग बराच वेळ हात धुत होते.


१७ ऑक्टोबर, सोमवार

पंचाहत्तर दिलेत कुणीतरी!

सी लखदर यांना स्वतःलाच लाज वाटत होती. म्हणाले, पोरी, मी तुला खोटं सांगत नाही, देणारा माणूस शब्दाचा पक्का आहे. मी म्हटलं, मग त्याला दिली का? तर म्हणे तो आकडा टाकून गेला, परत आला नाही. पण आता पंचाहत्तर दिलेली वस्तू पन्नासला कशी देऊ? मुलगा मला घरात घेणार नाही.

नाव सांगेनात.

बूआलेमला फोन केला. तो हसतच सुटला. “रेनो-चारला पंचाहत्तर? स्टिअरिंग सोन्याचं आहे का? कोण हा पीर, मला भेटव, माझ्याही दोन गाड्या आहेत.” म्हणाला, थांब, मी काढतो शोधून.

मी आज व्हॅन चुकवली नाही, पण चुकवली असती तर बरं झालं असतं. दोनला निघाले तेव्हा तस्सादित नावाची पोरगी पोट धरून दारात उभी होती. मी म्हटलं, वेळ आहे अजून. तिनं विचारलं, उद्या लवकर येशील ना? ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.


१८ ऑक्टोबर, मंगळवार

वेळ नव्हता. रक्तस्राव झाला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गादीवर घालून खाली आणली. दोघंही वाचली. मी तिला वॉर्डात भेटले. ती मला म्हणाली, तू रागावू नकोस, मी थांबायचा फार प्रयत्न केला.

तिनं माझी माफी मागितली!

आणि घरी आले तर बूआलेमचा फोन. आवाजात हसू नव्हतं. म्हणाला, मिळाला तुझा पीर. बसली आहेस ना? तय्यबकाका.

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कोण तय्यबकाका? तो म्हणाला, “तुझे बाबा गं.”

शनिवारी. गुडघ्यांना माती, पाठीला पान. पुठ्ठा टाकून गाडीखाली गेले होते म्हणे, खूप वेळ. सी लखदरना वाटलं, बाहेरच येत नाहीत. मग बाहेर आले, हात पुसले, म्हणाले, पंचाहत्तर. आणि भिंत धरून निघून गेले.

मला मिळू नये म्हणून. माझ्याकडे किती आहेत ते त्यांना माहीत होतं, मीच सांगितलं होतं, सूप थंड होत होतं तेव्हा. माझ्या आवाक्याबाहेर ढकलली त्यांनी ती गाडी, एका आकड्यानं. तोंडानं ‘नको’ म्हणायचीही तसदी नाही.

यम्मा खालून जेवायला हाक मारतेय. मी जाणार नाही.


२० ऑक्टोबर, गुरुवार

बोलले शेवटी. अंगणात, ते पेपर मांडीवर घेऊन बसले होते. म्हटलं, तुम्ही सी लखदरना पंचाहत्तर दिलेत.

“दिले.”

का, विचारलं. म्हणाले, तितकी किंमत आहे तिची. मी म्हटलं, नाहीये, सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांनी मांडीवरच्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “तिच्या खाली काय आहे ते मला माहीत नाही.”

“तुम्ही स्वतः खाली गेला होतात!”

“गेलो होतो.”

बस्स.  मी तस्सादितचं सांगितलं, ट्रॉलीचं, गादीचं. बाळंतपणाची खोली बंद होईल हेही. त्यांची नजर माझ्या कानापाशी. मी पहिल्यांदाच ओरडले. म्हटलं, निदान माझ्याकडे बघून तरी नाही म्हणा.

त्यांनी खरंच तोंड वळवलं माझ्याकडे. प्रयत्न केला. मग मान खाली घातली. मला वाटलं, आपण फार क्रूर आहोत.


२१ ऑक्टोबर, शुक्रवार

मुख्य डॉक्टरीणबाईंना निरोप द्यायचा ठरवला — जमणार नाही. अजून दिला नाही. रविवारी देईन.


२२ ऑक्टोबर, शनिवार

काय दिवस!

सकाळी बाहेर हॉर्न. त्या गाडीचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेलं बदक. यम्मा पडद्यातून बघते तर सी लखदर, मलईच्या रेनोत, शेजारी त्यांचा मुलगा दाढी करून बसलेला. उतरले, छातीवर हात ठेवला, आणि अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “सी तय्यब! अल्लाह यर्बह. पंचाहत्तर, दिली.”

बाबा दाराला धरून उभे होते. मी त्यांचा चेहरा पाहिला. रस्त्यात एकदम खड्डा आल्यासारखा.

मुलगा समजावत होता — आम्ही म्हटलं टपालवाल्या सी तय्यबनी दिलेत म्हणजे चेष्टा नसणार, त्यांनी टपालाला कधी एक दिवस उशीर केला नाही. गल्लीतले दोघं-तिघं येऊन उभे राहिले, मुबारक म्हणायला लागले. शेजारच्या गच्चीवरून कुणी तरी चिवचिवल्यासारखा आनंदाचा आवाज काढला. आता काय करतात? ते म्हणू शकले असते — चुकलो, म्हातारा झालो. लोकांनी मानलं असतं.

बाबा म्हणाले, “यर्बह आणि यर्बहक.” म्हणजे तुम्हालाही. सौदा पक्का.

आणि आत गेले पैसे आणायला. मी माझे पन्नास पुढे केले तर घेतले. वरचे त्यांचे. यम्मा दृष्ट काढायला अंडं-मीठ घेऊन आली. पुढच्या चाकाखाली अंडं ठेवलं, मूठभर मीठ फेकलं, सी लखदरना म्हणाली जरा पुढे घ्या. अंडं फुटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

गाडी आता बंद गॅरेजच्या दारासमोर उभी आहे. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्यावर. मला मिळू नये म्हणून टाकलेल्या आकड्यानंच ती माझ्या दारात आली! मला हसायला हवं. हसू येत नाहीये.


२४ ऑक्टोबर, सोमवार

कोणी तिला हात लावत नाही. मांजरं तेवढी बसतात बॉनेटवर.


२६ ऑक्टोबर, बुधवार

मीच लावला हात. चार दिवस राहिलेत, निदान ऑइल तरी बघू. बॉनेट उघडलं आणि ऑइलची काडी कुठे आहे तेच कळेना. पाण्याची बाटली दिसली, बॅटरी दिसली. माझ्या मागून आवाज आला, “डावीकडे. वायरच्या खाली. गोल डोकं.”

बाबा. दाराबाहेर आले होते. मी श्वास रोखला, जशी चिमणी आली की रोखतो.

ते दुसऱ्या बाजूला उभे राहिले. गाडीवर हात ठेवला, तळवा पसरून, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. मग म्हणाले, काढ, पूस, पुन्हा पूर्ण घाल, काढ. किती आहे? मी सांगितलं, दोन खुणांच्या मधे. रंग? चहासारखा. पातळ चहा की उकळलेला? मी म्हटलं, उकळलेला. म्हणाले, मग बदलायला हवं. पाणी कुठवर आहे? बॅटरीच्या टोकांवर पांढरं आहे का? प्रत्येक गोष्ट मलाच बघायला लावतात, मलाच सांगायला. लहानपणी पाढे म्हणून घ्यायचे तसे.

मग कमरेची किल्ली काढली. गॅरेज उघडलं. सहा वर्षांचा कोंडलेला ऑइलचा वास अंगावर आला, आणि झोहैरचं ते सुटं चाक, तो बसायचा ते, तिथेच होतं. बाबा अंधारात सरळ भिंतीपाशी गेले आणि दिवा न लावता बरोबर तेराचा पाना काढून आणला. हात विसरत नाहीत म्हणतात ते हेच.

दुपारभर ऑइल बदललं. मी खाली पुठ्ठ्यावर पडून, ते वर. प्लग कसे काढायचे, काडीभर फट ठेवून कसे बसवायचे, पंख्याचा पट्टा बोटानं दाबून कसा बघायचा. मधेच त्यांच्या दातांतून हवा निघाली. शिट्टी नाही, नुसती हवा. पण सूर नसलेली तीच.

यम्मानं दारात कॉफी आणून ठेवली. त्यांनी कपात बोट बुडवून पाहिलं, मग उचलला. 


२८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज चाक काढलं. मागचं, डावं. मी म्हटलं, बाबा, ब्रेक.

शब्द उच्चारला, सहा वर्षांनी. अंगणात काही पडलं नाही, फुटलं नाही.

ड्रम निघाला. आत स्प्रिंगा, धूळ, दोन काळे तुकडे. मला काय ठीक काय नाही कळेना. म्हटलं, तुम्ही बघा. रविवारी मला घाट चढायचाय, उतरायचाय, तुम्ही एकदा बघा.

ते वाकले. बोटं आत घातली, कडेकडेनं फिरवली.  मग हात मागे घेतले.

“याला मी हात लावणार नाही.”

मी म्हटलं, झोहैरच्या वेळी तुमची चूक नव्हती. पोलिसांनी लिहून दिलंय. ते म्हणाले, पोलिसांना काय माहीत. आणि आत निघून गेले, भिंत धरून.

बूआलेमला बोलावलं. तो त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आला, त्यानं चारही चाकं उघडली, मला एकेक करून दाखवलं. मागे नवे तुकडे बसवले, पाइप ठीक आहे म्हणाला, तळ गंजलाय पण पाय खाली जाणार नाही. संध्याकाळी मी चालवून पाहिली. थांबते. बदकासारखी डोलत, पण थांबते.

बाबा खिडकीत होते. मी हात केला. त्यांनी केला नाही.


२९ ऑक्टोबर, शनिवार

उद्या जायचं. सकाळी दहाच्या लख्ख उन्हात शेवटचं म्हणून बॉनेट उघडलं. बाबा येऊन शेजारी उभे राहिले, माझ्यासारखेच वाकले. मग विचारलं, “जमीन दिसते का गं?”

मला हसू आलं. म्हटलं, दिसते की, ही काय तुमच्या नाकासमोर. त्यावर चिमणीसुद्धा बसली आहे.

“बसली आहे?” ते म्हणाले. “मग घेतलीस ती बरोबर घेतलीस.”

तिथे चिमणी नव्हती. मी गमतीनं म्हटलं होतं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग ते हळूच बोलले, इंजिनाशी बोलावं तसं. मधे धूर आहे. कडेकडेनं थोडं दिसतं, मधे धूर. झोहैर गेला त्याच्या आधीच्या वर्षापासून. कुणाला सांगितलं नाही. “त्याचे ब्रेक मी बोटांनी केले. सी लखदरच्या गाडीखालीही बोटांनीच बघत होतो. नाही कळलं मला. तुला कसं सांगू घे म्हणून?”

पेपरचं न उलटलेलं पान. सार्डिनचे काटे. भिंत. कानापाशी थांबणारी नजर. तेवढ्यातच मी दिसत होते त्यांना, कडेनं, आणि म्हणून तिकडे बघत होते. यम्माला माहीत असणार. तिनं मासा सोलला आणि गप्प राहिली.

आज संध्याकाळी, ते पेपर घेऊन बसले की, मी त्यांच्या कानापाशी जाऊन बसणार आहे आणि विचारणार आहे. नाही म्हणतील. सहा वर्षं ते एकाही गाडीत बसलेले नाहीत. कोणत्या तोंडानं डॉक्टरला सांगू म्हणतील. तरी विचारणार — बाबा, गुरुवारी मला सुट्टी आहे. ब्लिदाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. खमीसवरून, त्याच घाटानं. मी चालवते. तुम्ही माझ्या शेजारी बसा.